टेपची सूं

क्लिफर्ड डकवर्थने मूठ वर केली आणि मला वाटलं, संपलं सगळं.

मूठ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही फ्रीडा कुठून कुठे निघाली. बर्नलीच्या कामगार क्लबात, मागच्या खोलीत, दर रविवारी दुपारी आमची बैठक बसते. चाळीस वर्षांपूर्वीची पॉप गाणी हल्ली सीडीवर पुन्हा काढतात ना, एकेका सीडीवर पंचवीस-तीस कोंबून, ती आम्ही ऐकतो आणि आवाज कसा आहे ते ठरवतो. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, तो निकाल कधीच लागून गेलाय. प्रश्न एवढाच, की सीडीवर चढवलं कशावरून? मूळ टेपवरून, टेपच्या नकलेवरून, की कुणाच्या तरी माळ्यावरच्या झिजक्या रेकॉर्डवरून? आणि चढवताना त्याची किती वाट लावली? निकाल आम्ही आमच्या चार पानी पत्रकात छापतो. ते पत्रक तुम्ही पाहिलेलं नसणार, पण सीडी काढणारी मंडळी त्याला टरकून असतात, हे मी पैजेवर सांगते.

निकाल देतो तो क्लिफर्ड. भिंतीकडे तोंड, मशीनकडे पाठ, हात गुडघ्यांवर. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. आणि गाणं विरायला लागलं की श्वाससुद्धा जपून घ्यायचा, कारण चोरी पकडली जाते ती तिथेच. गाणं खाली जातं तसं त्याच्या तळाशी असलेलं वर येतं. रेकॉर्डवरून घेतलं असेल तर खरखर, टेपवरून असेल तर सूं. एकदा आमच्या हेडलीने नेमकं त्या वेळी आल्याचं बिस्किट मोडलं होतं, त्याचे टोमणे तो अजून खातोय. चहासुद्धा निकालानंतर. मग क्लिफर्डचा हात वर जातो. एक बोट म्हणजे रेकॉर्डवरून. दोन बोटं म्हणजे नकलेवरून. उघडा पंजा म्हणजे मूळ टेप. आणि मूठ म्हणजे सगळ्यात वाईट: टेप हातात होती, पण सूं काढायच्या नादात मशीनने ती इतकी घासली की गाण्याचा जीवच गेला. असं गाणं ऐकलं की वाटतं, बाई गातेय खरी, पण डोकं बादलीत घालून.

क्लिफर्डचा कान! त्याबद्दल काय सांगू? हा माणूस आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत बसला, आणि देवाने त्याला असा कान दिला की आपण नुसतं तोंडात बोट घालावं. एकदा एका गाण्यावर म्हणाला, "यात ढोलवाल्याचं स्टूल करकरतंय. रेकॉर्डवर करकरत नाही. म्हणजे यांनी दुसऱ्याच खेपेला गायलेलं गाणं घातलंय." आम्ही हसलो. सीडीवाल्यांना विचारलं, तर खरंच, चौथ्या खेपेऐवजी तिसरी घातली होती. दुसऱ्या एका गाण्याखाली त्याला रस्त्यावरून जाणारी बस ऐकू आली. वर म्हणतो कसा, चढावर आहे. हेडलीने तीस वर्षं या गावात बस चालवली. त्याने कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि गपचूप डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "गिअर बदलतोय," तो म्हणाला. "बापरे! तो ड्रायव्हर एव्हाना मेलासुद्धा असेल, आणि इथे अजून गिअर बदलतोय." आम्ही तिघं त्या गिअरकडे कान लावून किती वेळ बसलो होतो, मला आठवत नाही.

म्हणून तो मूठ वर करतो तेव्हा वाद नसतो. पण त्या रविवारी ती मूठ मला नको होती, कारण त्या सीडीवर बेरिल होती.

बेरिल म्हणजे क्लिफर्डची बायको, माझी जिवाची मैत्रीण. सात वर्षं झाली तिला जाऊन. आम्ही दोघी एकाच मागाच्या कारखान्यात होतो, शेजारशेजारच्या मागांवर. तिथला गोंगाट ज्याने ऐकला नाही त्याला काय कळणार? कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आमच्या गावच्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचा नाही, पण ओठ ताणून, गाल फुगवून, जीभ दाखवून एकेक शब्द असा घडवायचा की शेडच्या त्या टोकाच्या बाईलाही कळावं, काल रात्री कुणाचा नवरा पिऊन आला ते. क्लिफर्डची आई त्याच कारखान्यात बहिरी झाली होती, त्यामुळे त्याच्या घरात सगळे ओठांनीच बोलत. तो पाळण्यातच ओठबोली शिकला. बेरिलशी तो पहिल्यांदा बोलला तो कारखान्याच्या खिडकीच्या काचेतून. मी शेजारी उभी होते. तो म्हणाला, "उद्या बागेत येतेस?" आणि ती म्हणाली, "आधी नाक पूस." त्यांचं सगळं जमलं ते असं, एक आवाज न होता.

आम्ही दोघी आणि पॉलीन नावाची एक, अशा तिघी क्लबात गात असू. म्हणजे गायची बेरिल, आणि मागे आम्ही दोघी 'ऊ' आणि 'आ'. १९६४च्या फेब्रुवारीत मँचेस्टरच्या एका माणसाने आम्हाला बोलावलं. पियानोच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती, तिथे आमचं एक गाणं रेकॉर्ड झालं. शेवटची बस चुकलेल्या मुलीचं गाणं. आम्हाला वाटलं, आता काय, लंडन! कसलं लंडन! ती कंपनी चार महिन्यांत बुडाली, पॉलीन लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली, आणि आम्ही दोघी सोमवारी पुन्हा मागावर. रेकॉर्ड निघाली तीही अशी बेंगरूळ की मधलं भोकसुद्धा मध्यावर नाही. लावली की बेरिलचा आवाज जहाजातून आल्यासारखा हेलकावे खायचा. क्लिफर्डने कानशीने ते भोक मोठं केलं, आणि दर वेळी रेकॉर्ड लावताना तो ती बोटाने सरकवून सरकवून मध्यावर आणायचा. टेपचा पत्ता नव्हता. बेरिलचा आवाज जगात फक्त त्या एका खरखरत्या रेकॉर्डवर होता.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट. बेरिलने क्लिफर्डला सांगितलं होतं, तू येऊ नकोस, मला घाम फुटेल. तो म्हणाला, मी कशाला येतो, मी मॅचला चाललोय. संध्याकाळी बसस्टॉपवर भेटला तेव्हा नाक लालभडक, आणि मॅचचा स्कोअर ठोकून दिला. खरं काय ते त्याने मला बेरिलच्या दफनानंतर सांगितलं. तो आमच्या मागच्या बसने मँचेस्टरला आला होता, आणि पूर्ण वेळ त्या दुकानाबाहेर दगडी पायरीवर बसून होता.

"ऐकू यावं म्हणून," तो म्हणाला. "पण दार जाड होतं. काही म्हणता काही ऐकू आलं नाही."

"आणि तिला कधी सांगितलंसच नाही?"

"काय सांगू? लहान पोरासारखा दाराशी बसलो होतो म्हणून? शेवटपर्यंत तिला वाटत होतं, मी मॅचला गेलो होतो."

बेरिल गेल्यानंतर वर्षभरात एका कंपनीने ते गाणं एका सीडीवर घातलं. रेकॉर्डवरून उचललेलं, आणि खरखर जावी म्हणून असं घासलेलं की क्लिफर्डच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ती सीडी त्याने घरी नेली नाही. त्याचा गावाबाहेर भाजीचा वाफा आहे, तिथे वाटाण्यावर कबुतरं येऊ नयेत म्हणून दोरीला बांधून टांगून दिली. तिथेच त्याने मला सांगितलं, "फ्रीडा, मूळ टेप मिळाली तर ऐकेन. घासलेली बेरिल मी ऐकणार नाही. मेलो तरी ऐकणार नाही." हा माणूस बोलला की बोलला. त्याचं मन वळवण्यापेक्षा चर्चचा मनोरा वळवणं सोपं.

आणि मग या वसंतात कार्डिफहून गॅरेथ नावाच्या माणसाचा फोन आला. हा एकटाच घरी बसून सीडी काढतो. त्या मँचेस्टरवाल्याची बायको गॅरेज रिकामं करत होती, तिथे त्याला टेपांचं खोकं मिळालं. आमची टेप त्यात होती. मी खुर्चीतच बसले. गॅरेथ म्हणाला, "मी कशालाही हात लावलेला नाही. जशी आहे तशी चढवलीय, गाण्याआधीच्या बडबडीसकट. मिस्टर डकवर्थना आवडेल ना?" बिचाऱ्याचा आवाज कापत होता.

सीडी आली. क्लिफर्ड सूट घालून आला. पण नियम म्हणजे नियम. "आधी परकं गाणं," तो म्हणाला. "सीडी घासलेली आहे की नाही ते एकाच गाण्यावरून कळतं. नसली तर मग बेरिल." हेडलीने त्याच टेपांवरचं दुसऱ्या कुणाचं तरी गाणं लावलं. आणि देवाशपथ सांगते, सूं अशी होती की तव्यावर बेकन टाकलंय! मला तर आनंदाने हसू फुटायला आलं. गाणं विरलं, सूं वर आली, भरभरून आली, आणि थांबली.

आणि क्लिफर्डने मूठ वर केली.

"घासलंय," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "पार पुसून काढलंय. खाली काही शिल्लकच नाही."

हेडलीने माझ्याकडे पाहिलं. मी हेडलीकडे. कोपऱ्यात किटली शिट्टी मारत होती, कान किटून जावेत अशी, आणि क्लिफर्ड तिला पाठ करून शांतपणे सीडी डबीत घालत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. गेलं वर्षभर मुठीच मुठी. जवळजवळ प्रत्येक सीडीला मूठ. तो म्हणायचा, जग बिघडलं, सगळे घासायला लागलेत. आणि आम्ही माना डोलवायचो. आम्हाला सूं ऐकू यायची, पण वाटायचं, आपला कान तो काय, क्लिफर्डला ऐकू येतं ते आपल्याला थोडंच येणार! किटलीकडे तो कधी उठून जायचा नाही, आम्हाला वाटायचं, आळशी. आणि बोलताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला आपलं वाटायचं, म्हातारपणी का होईना, मी जरा बरी दिसायला लागलेय!

"क्लिफर्ड—" हेडलीने सुरुवात केली.

"पत्रकात लिहा. जसं दिसलं तसं लिहा," तो म्हणाला. सीडी खिशात टाकली, टोपी घातली, आणि निघून गेला.

"अगं, आता हा काय करणार?" हेडली म्हणाला.

"कबुतरं हाकणार," मी म्हणाले, आणि कोट घेऊन त्याच्यामागे धावले. धावले म्हणजे काय, माझ्या गुडघ्यांना जमेल तेवढं.

वाफ्यावर पोचले तेव्हा तो सूटवर मातीत उभा राहून दोरीला गाठ मारत होता. जुनी सीडी तिथेच लटकत होती, पाऊस खाऊन पांढुरकी झालेली. नवी तिच्या शेजारी बांधायची तयारी.

"सोड ती," मी म्हणाले.

"तू घरी जा, फ्रीडा."

"सीडी घासलेली नाही, क्लिफर्ड. सूं आहे. भरपूर आहे. तुला ऐकू आली नाही."

तो वळला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता कुदळ उचलतो. "मला? मला ऐकू आली नाही? तुम्हा दोघांना ढोल ऐकू यायची मारामार, आणि मला शिकवायला आलीस?"

"हो, आले."

"हेडली लोण्याच्या डब्यासारखा बसतो तिथे, आणि तू—"

"त्या फावड्याच्या दांड्यावर बघ," मी म्हणाले.

दांड्यावर लाल छातीचा रॉबिन पक्षी बसला होता. आमच्याकडे माती उकरायला घेतली की हा पठ्ठ्या हजर, किड्यांसाठी. आणि गात होता, बारीक, तुटक, चांदीच्या चमच्यावर चमचा लागल्यासारखं. क्लिफर्डने पाहिलं. त्या एवढ्याशा पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. क्लिफर्ड बघतच राहिला. एक पाऊल पुढे गेला, मान तिरकी केली. रॉबिन गातच होता.

"तो गातोय?" क्लिफर्डने विचारलं.

"केव्हाचा."

तो उलट्या बादलीवर बसला. ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वीच्या बसचा गिअर ऐकला, त्याला दोन हातांवरचा पक्षी ऐकू येत नव्हता. माणसांचं बोलणं थोडंफार पोचत होतं, पण बारीक आवाज कानातून पार गेले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मग तो म्हणाला, "म्हणजे टेप खरी आहे."

"खरी आहे."

"आणि ती आली कधी, तर आता." तो हसला, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "पुन्हा दाराबाहेरच बसायचं माझ्या नशिबी. काय उपयोग, फ्रीडा? तू ऐक. तुझंही गाणं आहे ते. मला नको. अर्धीमुर्धी ऐकण्यापेक्षा ती रेकॉर्डवरची माझ्या डोक्यात आहे तशी राहू दे."

आता मला आला राग. दुःखाच्या जागी राग आला की मी जरा बरी चालते. "हे बघ," मी म्हणाले, "इतके दिवस घासलेली नको, घासलेली नको म्हणून आमचं डोकं खाल्लंस. आता ती न घासलेली आलीय, धडधाकट आलीय, आणि तू तिला वाटाण्यावर टांगतोस? बेरिल असती तर तुला याच बादलीत बुडवला असता. ऊठ!"

तो उठला. बेरिलचं नाव काढलं की तो उठतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

क्लबात हेडली तसाच बसून होता, बिस्किटांना हात न लावता. क्लिफर्ड सवयीने भिंतीकडे तोंड करून बसायला गेला. मी त्याची खुर्ची फिरवली आणि त्याच्यासमोर माझी ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. हेडलीने सीडीवरचं शेवटचं गाणं लावलं, आमचं.

आधी सूं आली. कशी सांगू तुम्हाला? ती नुसती सूं नव्हती, ती खोली होती. पियानोच्या दुकानावरची ती खोली, तिची लाकडी जमीन, तिची थंडी. आमच्या क्लबाच्या मागच्या खोलीत ती अख्खी खोली येऊन उभी राहिली. कुणाचा तरी बूट घासला गेला. एक पुरुष म्हणाला, "तयार, पोरींनो?" मग कुणीतरी खिदळलं, आणि मी चमकून मागे पाहिलं, ही कोण बाई आली? ती मी होते. बावीस वर्षांची मी, दातांत काही दुखत नसलेली, गुडघे ठणठणीत असलेली, माझ्या मानेमागे हसत होते.

आणि मग बेरिल बोलली.

हेलकावा नाही, खरखर नाही. हात लांब केला तर तिच्या बाहीला लागेल इतकी जवळ. ती काय बोलली ते ऐकून माझा हात तोंडावर गेला. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं, आणि माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

क्लिफर्ड पुढे झुकला होता. डोळे ताणलेले. "तिचाच," तो म्हणाला. "तिचाच आवाज आहे. पण शब्द लागत नाहीत, फ्रीडा. आवाज येतो आणि शब्द चिखलात जातात. ती काय म्हणते?"

मी हेडलीला हात केला. "परत लाव," म्हणाले. "पहिल्यापासून."

"मी विचारलं, काय म्हणते?"

"माझ्याकडे बघ."

हेडलीने परत लावलं. सूं. बूट. "तयार, पोरींनो?" माझं हसणं. आणि बेरिलचा आवाज सुरू झाला तसे मी ओठ हलवायला घेतले, आवाज न काढता, आमच्या शेडमध्ये हलवायचो तसे, ताणून, एकेक शब्द घडवून. कित्येक वर्षांत केलं नव्हतं, पण तोंड विसरलं नव्हतं. आवाज बेरिलचा मशीनमधून, आणि ओठ माझे.

"थांबा, थांबा," बेरिल म्हणाली. "आधी कुणीतरी खाली जा. क्लिफर्ड डकवर्थ पायरीवर बसलाय."

क्लिफर्डचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन घट्ट बसला.

"कोण क्लिफर्ड?" पुरुष म्हणाला.

"माझा. त्याला अजून माहीत नाही, पण माझाच. मला सांगितलं मॅचला जातो म्हणून, आणि बसलाय तिथे सकाळपासून, खिडकीतून दिसतोय मला. गार दगडावर! मूळव्याध होईल त्याला." आमचं तिघींचं हसणं. "पण मी पाहिलं असं सांगू नका हं. लाजून मरेल मेला."

"एक, दोन, तीन," पुरुष म्हणाला, आणि गाणं सुरू झालं.

क्लिफर्डच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, कारण पुसायला गेला असता तर माझे ओठ चुकले असते. मी थांबले नाही. सगळं गाणं मला पाठ, बेरिलचं आणि आमचं 'ऊ' नि 'आ'सुद्धा. मी एकेक ओळ घडवत गेले, आणि ती त्या ओळी गात गेली, बस चुकलेली ती मुलगी, थंडीत, हसत हसत. मी तिचं तोंड झाले होते. आयुष्यात मी पुष्कळ काही पाहिलंय, नवरा पुरलाय, दोन पोरं वाढवलीत, पण असलं काही कधी झालं नव्हतं, आणि पुन्हा होणार नाही.

"माहीत होतं तिला," तो मध्येच म्हणाला. गाणं चालू असताना! बैठकीच्या इतिहासात पहिल्यांदा. "सगळं माहीत होतं. आणि तेहतीस वर्षं मला त्या मॅचचा स्कोअर विचारायची, फ्रीडा! दर फेब्रुवारीत विचारायची. आणि मी सांगायचो."

हेडली खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

मग गाणं विरायला लागलं. शेवटी बेरिल एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, "थांब ना, थांब ना," आणि आवाज लहान लहान होत जातो. रेकॉर्डवर ते चटकन कापलं होतं. टेपवर ते पुढे जात होतं, पुढे पुढे, धाग्याइतकं बारीक. क्लिफर्डने हात वर केला. पंजा उघडा, पाचही बोटं ताठ. आणि नजर माझ्या ओठांवर. आता त्याच्यापर्यंत आवाज पोचत नव्हता, हे मला दिसत होतं. गाणं चालू आहे की संपलं, हे त्याला माझ्या तोंडावरूनच कळणार होतं.

"थांब ना," मी ओठांनी म्हणाले. बेरिल म्हणाली. "थांब ना." मग बेरिल सूंच्या खाली गेली. मग सूंसुद्धा थांबली. मशीनचा दिवा विझला. खोलीत काही म्हणता काही राहिलं नाही.

"थांब ना," मी ओठांनी म्हणाले. "थांब ना. थांब ना."

हेडलीने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही. मी आणखी थोडा वेळ गात राहिले, ओठ हळूहळू लहान करत, आणि मग मिटले.

क्लिफर्डचा पंजा तसाच वर होता.

"किती लांब विरतं," तो म्हणाला. "रेकॉर्डवर एवढं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.